मादाम टिनुबूला कुठल्या रांगेत बसवू?

कवडी | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी इतिहासात पीएचडी करतेय. विषय आहे अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या योरुबा बायका, साधारण १८०० ते १८९०. योरुबा म्हणजे आजच्या नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागातले आणि शेजारच्या बेनिनमधले लोक. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओयोचं मोठं राज्य ढासळलं, पुढे कित्येक दशकं लढाया चालू राहिल्या, आणि लढाईत पकडलेली माणसं किनाऱ्यावर नेऊन जहाजांत भरली गेली. ब्राझीलमधल्या बाहियात त्यांना 'नागो' म्हणू लागले, क्युबात 'लुकुमी'. ज्यांची जहाजं ब्रिटिश आरमाराने वाटेत पकडली, ती माणसं सिएरा लिओनला उतरवली गेली.

माझं घोडं अडलंय ते एका बाईपाशी. एफुनरोये टिनुबू. जन्म १८१० च्या सुमाराचा, योरुबांच्या एग्बा मुलखातला. बाजारात बसणाऱ्या बायकांच्या घरात वाढली. बादाग्रीच्या बंदरात तंबाखू आणि मीठ विकता विकता मोठी झाली, लागोसच्या पदच्युत राजाशी लग्न केलं, तो पुन्हा गादीवर आला तेव्हा दरबारात तिचं वजन वाढलं. पुढच्या काही राजांच्या काळात तर तिच्या शब्दाशिवाय पान हलेना. शेवटी ब्रिटिश कॉन्सल कॅम्पबेलने १८५६ मध्ये तिला लागोसबाहेर काढायला लावलं. ती एग्बा मुलखातल्या अबेओकुताला गेली. १८६४ मध्ये शेजारच्या दाहोमे राज्याच्या फौजेने त्या गावावर हल्ला केला तेव्हा बंदुका आणि दारूगोळा तिने पुरवला. गावाने तिला 'इयालोदे' केलं, म्हणजे सगळ्या बायकांच्या वतीने राजकारणात बोलणारी. १८८७ मध्ये ती वारली. लागोसमध्ये आजही तिच्या नावाचा चौक आहे.

आणि ती माणसांचाही व्यापार करत होती. तंबाखू, मीठ, पामतेल, बंदुका आणि माणसं, एकाच गाठोड्यात.

तर प्रश्न असा. तिला कुठल्या रांगेत बसवू? शाळेच्या धड्यातल्यासारखी शूर बाई म्हणून लिहू की माणसं विकणारी म्हणून? दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवलं की माझा परिच्छेद मधोमध फाटतो. आई आणि आजीला वाचता यावं म्हणून हे प्रकरण मी मराठीतही लिहितेय, आणि फाटणं मराठीत जास्त जाणवतंय. इंग्रजीत जड शब्दांच्या आड लपता येतं.

दुसरा प्रश्न शब्दाचा. 'गुलाम' म्हणू, 'दासी' म्हणू की आणखी काही?


वाचनवेडी | शनिवार, रात्री ११:०५

वाचतेय. हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. अजून सविस्तर लिही ना.


घाटमाथा | शनिवार, रात्री ११:३२

विषय मोठा आहे यात वाद नाही. पण मनापासून विचारतो, राग मानू नका. मराठी मुलीने योरुबा बायकांवर आयुष्याची पाच-सहा वर्षं का घालवायची? आपल्याकडे दप्तरांत मोडीचे गठ्ठे पडून आहेत, वाचणारं माणूस नाही. तिथलं लिहायला तिथली माणसं आहेत की.


सागरगोटा | रविवार, सकाळी ७:५०

जंजिऱ्याचे सिद्दी यांच्यातलेच ना? तसं असेल तर घाटमाथांच्या प्रश्नाला उत्तर मिळालंच.


कवडी | रविवार, सकाळी ९:१५

@सागरगोटा, नाही. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेच्या पूर्व बाजूचे, हबशाण आणि त्याखालच्या किनाऱ्यावरचे. ते हिंदी महासागरातून इकडे आले. योरुबा पार पश्चिमेला. मधे अख्खा खंड आहे. आफ्रिका म्हणजे एकच गाव असल्यासारखं आपण बोलतो, ते मला या विषयात पहिल्याच महिन्यात सोडावं लागलं.

@घाटमाथा, राग नाही. तिथली माणसं लिहितात आणि उत्तम लिहितात. बोलान्ले अवे या नायजेरियन विदुषींनी इयालोदेच्या पदावर १९७० च्या दशकात लिहिलं नसतं तर आम्ही सगळे आजही अंधारात चाचपडत असतो. मी त्यांच्या पाठोपाठ चालतेय. पण जगाचा इतिहास आपण फक्त लंडन-न्यूयॉर्कच्या खिडकीतून का वाचायचा? अबेओकुताबद्दल मराठीत थेट का लिहू नये?

आणि दुवा हवाच असेल तर माझा आयडी बघा. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या सिंहल, बंगालमार्गे युरोपात जायच्या, जहाजाच्या तळाशी भार म्हणून. तिथून पश्चिम आफ्रिकेत, आणि तिथे ते चलन होतं. आपल्याकडे भवानीच्या माळेत ओवतात तीच कवडी योरुबा बाजारात पैसा म्हणून चाले. ४० कवड्यांची एक माळ. ५० माळांचं, म्हणजे २,००० कवड्यांचं एक 'डोकं'. अशी १० डोकी म्हणजे २०,००० ची थैली. बाजारात बायका बसल्या बसल्या पाच-पाचच्या चिमटीने मोजत. माणसाची किंमतही त्याच कवड्यांत मोजली जाई. हे कळल्यावर काही दिवस मला आजीच्या देव्हाऱ्यातल्या कवडीकडे बघवेना.


वाचनवेडी | रविवार, सकाळी ९:४०

शेवटचं वाक्य वाचून हातातला चहा तसाच राहिला.


गणितज्ञ_आत्या | रविवार, सकाळी १०:०२

वीस हजारांची थैली उचलायची कशी? एक कवडी एक ग्रॅमच्या आसपास धरली तरी वीस-पंचवीस किलो होतात.


कवडी | रविवार, सकाळी १०:२०

डोक्यावरून. मोठ्या सौद्याला कवड्या वाहायला वेगळी माणसं लागत. पुढे १८४५ नंतर हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी झांझिबारच्या कवड्या जहाजं भरभरून लागोसला ओतल्या. त्या आकाराने मोठ्या आणि स्वस्त. पैशाची किंमत घसरत गेली. ज्या बायकांनी जन्मभराची कमाई कवड्यांत साठवली होती त्यांच्या घरात ढीग तेवढाच राहिला, पण त्याला मिळणारा माल आटला.


शब्दखूण | रविवार, दुपारी १२:१०

मला भाषेत रस आहे म्हणून विचारतो. योरुबात लिंगभेद कसा चालतो? 'ती विकत होती' हे त्यांच्या भाषेत कसं येतं?


कवडी | रविवार, दुपारी १:३०

काका, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत! योरुबात तो, ती, ते असं काही नाही. एकच सर्वनाम, 'ओ'. 'ओ वा' म्हणजे आला किंवा आली. मराठीत आणताना क्रियापदाच्या शेपटीलाच लिंग चिकटलेलं, त्यामुळे पहिल्याच शब्दाला मला निवड करावी लागते. भावंडांनाही 'एग्बोन' आणि 'आबुरो' असे शब्द आहेत, म्हणजे थोरलं आणि धाकटं. बहीण की भाऊ ते त्यात नाही. थोरल्या माणसाला आपल्या 'तुम्ही'सारखं आदरार्थी बोलतात, ते मात्र अगदी ओळखीचं वाटतं.

यावर मोठा वाद आहे. ओयेरोंके ओयेवुमी यांनी १९९७ मध्ये मांडलं की वसाहतीच्या आधी योरुबा समाजात 'बाई' ही माणसं लावण्याची चौकटच नव्हती, सगळं वडीलकीवर चाले. इतर अभ्यासक म्हणतात, सर्वनाम नसलं म्हणून भेद नव्हता असं कसं? लग्न, वारसा, राजवाड्यातल्या राण्या, हे सगळं बघा ना.


शब्दखूण | रविवार, दुपारी २:०५

मी दुसऱ्या बाजूचा. भाषेत नाही म्हणजे घरात नाही, हे काही पटत नाही. फारसीतही तो-ती वेगळे नाहीत, म्हणून इराणमध्ये बाई-पुरुष भेद नव्हता असं कोण म्हणेल? पण ओयेवुमींच्या मुद्द्यात एक खरी गोष्ट आहे. इयालोदे हे पद आपण 'महिला आघाडीची अध्यक्ष' असं वाचतो. ती बाई मात्र युद्ध करायचं की नाही यावर बोलत असणार.


जुनी_वही | रविवार, दुपारी ४:४५

कवडी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मी ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला.

'दासी' नको. 'दासी' म्हटलं की वाचकाला रामायणातली मंथरा दिसते, नाहीतर नाटकातली पंखा हलवणारी. त्या शब्दाने सगळं गोड होतं. आपल्याकडचा खरा शब्द 'कुणबीण' आणि 'बटीक'. पेशवाईच्या कागदांत कुणबिणींची खरेदी-विक्री आहे, किंमत आहे, पळून गेल्यावर घेतलेला शोध आहे. त्यांना विकत घेणाऱ्यांत प्रतिष्ठित घरंही होती. हे मी वर्गात कधी शिकवलं नाही, कारण पुस्तकात नव्हतं, आणि मलाही ते सांगताना अवघड वाटलं असतं. पण आज 'कुणबीण' लिहिलंस तर लोक त्याचा अर्थ जातीचा घेतील, म्हणून तोही शब्द तुला चालणार नाही.

मला वाटतं, नाम शोधूच नकोस. क्रियापद वापर. 'तिला पकडलं.' 'तिला विकलं.' 'तिला अमक्याने विकत घेतलं.' 'ती गुलाम होती' या वाक्यात करणारा कुठेच दिसत नाही. 'तिला विकलं' म्हटलं की कुणी विकलं, हा प्रश्न वाचक स्वतः विचारतो.


कवडी | रविवार, संध्याकाळी ६:००

बाई, हे मी वहीत उतरवून घेतलं. तीन महिने शब्दकोश चाळत होते.


मांडवीकाठ | रविवार, रात्री ८:२०

गोव्यातून लिहितोय. तुमची बाहियाची कागदपत्रं पोर्तुगीज हस्ताक्षरातली असणार. आमच्या घरी जमिनीचे जुने कागद आहेत, ते वाचता वाचता मला थोडी सवय झाली. लेखनिक नावं आखडतात. फ्रान्सिस्का असेल तर सुरुवातीची दोन-चार अक्षरं आणि शेवटचं 'का' वर चढवून बारीक. मारियाचं तर नुसतं 'म' आणि वर 'आ'. हे लक्षात आलं नाही तर माणूसच हरवतं.

अवांतर: लिस्बनला परतणारी गोव्याची जहाजं बाहियाच्या सॅल्व्हादोर बंदरात थांबत. बाहियाची तंबाखू गोव्यात येई आणि तीच तंबाखू आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात जाई. तुमच्या टिनुबूबाईंच्या टोपलीतली तंबाखू आणि आमच्या पणज्यांच्या तपकिरीची डबी, एकाच मळ्यातली असू शकते.


कवडी | रविवार, रात्री ९:१०

@मांडवीकाठ, तुमचं पहिलं वाक्य म्हणजे माझं रोजचं काम. सॅल्व्हादोरच्या अभिलेखागारात बसलं की सगळ्या मारिया नागो, फ्रान्सिस्का नागो, रोझा नागो. आईबापांनी ठेवलेलं नाव बाप्तिस्म्याच्या दिवशी पुसलं गेलं, आडनाव मिळालं ते मालकाचं. मग माग कसा काढायचा? मुक्तिपत्र, मृत्युपत्र, बाप्तिस्म्याची नोंद, पोलिसांची जबानी, असे चार कागद शेजारी ठेवायचे आणि जुळतात का बघायचं. कोण कुणाची धर्ममाता झाली यावरून मैत्रिणी कळतात.

बाहियात एक लक्षात येतं. जहाजातून उतरलेल्यांत बायका कमी, पण स्वतःला सोडवून घेणाऱ्यांत त्यांचं प्रमाण मोठं. कारण रस्ता. मालकाला रोजचा ठरलेला वाटा देऊन उरलेला पैसा स्वतःकडे ठेवायचा, अशी पद्धत होती. या फिरत्या विक्रेत्या बायकांना 'गान्यादेइरा' म्हणत. फळं, मासे, शिजवलेलं अन्न, कापड. बाजारात बसायची विद्या त्यांनी अटलांटिकपलीकडून आणलेली, ती तिथे कामाला आली.


चुलीवरची | रविवार, रात्री ९:३५

शिजवलेलं अन्न म्हणजे काय काय? इतका वेळ गप्प बसले होते, आता राहवत नाही.


कवडी | रविवार, रात्री ९:५८

:) आकाराजे! चवळी भिजवायची, चोळून सालं काढायची, वाटायची, कांदा-मीठ घालून पीठ हलकं होईपर्यंत फेटायचं, आणि लालभडक पामतेलात मोठ्या भज्यासारखं तळायचं. नायजेरियात याला 'आकारा' म्हणतात आणि सकाळी सकाळी रस्त्यावर खातात. 'जे' म्हणजे खाणं. बाहियात तो वडा मधे फाडून त्यात सुकट-कोळंबी आणि वातापा नावाचं दाट सारण भरतात. कान्दोम्ब्ले या त्यांच्या धर्मात तो इयान्साचा, म्हणजे योरुबांच्या ओया देवीचा नैवेद्य. ओया वादळवाऱ्याची देवी.

पांढरे घेरदार झगे घालून आकाराजे विकणाऱ्या बायांचं काम २००५ मध्ये ब्राझीलने राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवलं. तरी २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी स्टेडियमच्या आसपास त्यांना विकायला मनाई होणार होती. त्यांच्या संघटनेने झगडून जागा मिळवली.


चुलीवरची | रविवार, रात्री १०:१०

चवळी भिजत घातली. पामतेल नाही, शेंगदाण्याच्या तेलात करते. देवीने समजून घ्यावं.


हातमाग | सोमवार, सकाळी ८:१५

कापडाचं काही सांगाल का? आमचं घर विणकरांचं.


कवडी | सोमवार, सकाळी ९:००

योरुबांत दोन माग. पुरुषांचा अरुंद, त्यावर चार-पाच इंचांच्या लांब पट्ट्या विणतात आणि शिवून जोडतात. बायकांचा माग उभा, भिंतीला टेकवलेला, त्यावर रुंद पट. हे कापड जहाजाने बाहियात जाई. तिथे त्याला 'पानो दा कोस्ता' म्हणत, किनाऱ्याचं कापड. मुक्त झालेल्या बायका ते खांद्यावर टाकत. गुलामांचा व्यापार बंद झाल्यावरही कापड, कोलाची फळं, काळा साबण आणि पामतेल येतच राहिलं. आणि माणसंही परतली. लागोसमध्ये ब्राझीलहून आलेल्यांची वस्ती उभी राहिली, त्यांना 'आगुदा' म्हणतात.


लालमाती | सोमवार, सकाळी ११:४०

सगळं छान चाललंय, पण चर्चा व्यापारी बायांभोवतीच फिरतेय. लढणाऱ्या कुठे आहेत? क्युबातली कार्लोता घ्या. लुकुमी बाई. नोव्हेंबर १८४३ मध्ये मातान्सास प्रांतातल्या त्रिउनविरातो साखर कारखान्यावर उठाव झाला, त्याच्या पुढाऱ्यांत ती होती. त्यात मारली गेली. १९७५ मध्ये क्युबाने अंगोलात सैन्य पाठवलं त्या मोहिमेला तिचंच नाव दिलं. आणि बाहियातली लुइझा माहिन, १८३५ च्या मुसलमान नागोंच्या बंडाची नायिका. टिनुबूला रांगेत कशाला बसवताय? रांग यांचीच लावा.


कवडी | सोमवार, दुपारी १:२०

@लालमाती, कार्लोताबद्दल मान्य. तिच्याबरोबर फर्मिनाचंही नाव घ्यायला हवं, शेजारच्या आकाना कारखान्यावरची. त्या उठावांनंतर १८४४ मध्ये वसाहती सरकारने जो सूड घेतला त्यात हजारो माणसं भरडली गेली.

लुइझा माहिनबद्दल मात्र सावकाश. तिच्याविषयी जे कळतं ते मुख्यतः तिच्या मुलाच्या पत्रातून. लुइस गामा, ब्राझीलचा मोठा गुलामीविरोधी कवी आणि वकील. तो दहा वर्षांचा असताना त्याच्या गोऱ्या बापाने त्याला विकलं. १८८० मध्ये त्याने एका मित्राला पत्र लिहून आईचं वर्णन केलं: नागो, मुक्त, ठेंगणी, सडपातळ, सुंदर, पांढरेशुभ्र दात, भाजी-फळं विकणारी, बाप्तिस्मा कधी न घेतलेली, आणि कटांच्या संशयावरून एकाहून अधिक वेळा अटक झालेली. १८३५ च्या बंडाची पुढारी असं त्यात नाही, आणि त्या बंडाच्या खटल्यांच्या कागदांत ती सापडत नाही. नायिका ती नंतरच्या पिढ्यांनी केली.

मला ती खोटी म्हणायची नाही. पन्नाशीतला माणूस चाळीस वर्षं न दिसलेल्या आईचे दात आठवतोय, माझ्यासाठी तोच पुरावा फार मोठा आहे.


लालमाती | सोमवार, दुपारी २:००

कागदात नाही म्हणजे नव्हतीच, हा तर दरोग्याचा न्याय झाला. कागद कुणी लिहिले? पोलिसांनी. पकडली गेली नाही म्हणून नाव नाही, असंही असेल.


जुनी_वही | सोमवार, दुपारी २:३०

लालमाती, तुमचा संताप समजतो. पण कागदात नसलेल्या जागी आपण आपल्याला हवी ती बाई भरली, तर त्या खऱ्या बाईची जागाही आपणच घेतली.


वाचनवेडी | सोमवार, दुपारी ३:१५

मी काल रात्रभर वाचत बसले. सारा फोर्ब्स बोनेटा या मुलीबद्दल कुणीच कसं बोललं नाही? योरुबा मुलगी, १८४८ मध्ये दाहोमेच्या हल्ल्यात आईबाप गेले, १८५० मध्ये दाहोमेच्या राजाने ती एका ब्रिटिश कॅप्टनच्या हवाली केली, व्हिक्टोरिया राणीला भेट म्हणून! सात-आठ वर्षांची पोर. नाव मिळालं ते कॅप्टनचं आणि त्याच्या जहाजाचं. पुढे १८६२ मध्ये ब्रायटनला लग्न, मग लागोसला संसार, १८८० मध्ये मदेइरा बेटावर क्षयाने गेली. रेशमी झग्यातला तिचा फोटो मी मोठा करून बघितला. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नाही.


घाटमाथा | सोमवार, रात्री ८:५०

परत आलो. मूळ मत बदललेलं नाही, मोडीचे गठ्ठे वाचायला माणसं हवीतच. पण जुनी_वही यांनी कुणबिणींचं काढलं ते डोक्यातून जात नाही. आमच्या घराण्याच्या जुन्या वह्यांत कुणबिणींची नावं आहेत, मी ती स्वतः वाचलीत. घराण्याचा इतिहास छापला तेव्हा आम्ही ती पानं घेतली नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं, पण घेतली नाहीत.

टिनुबूला लागोसवाले चौक देतात आणि ती माणसं विकत होती हे सांगतातही, तर तेवढी हिंमत आम्हालाही हवी होती.


जुनी_वही | सोमवार, रात्री ९:१०

घाटमाथा, ती नावं इथे नको, पण कुठेतरी लिहून ठेवा. तुमच्यानंतर त्या वह्या कोण वाचणार?


कवडी | सोमवार, रात्री ११:३०

घाटमाथा काका, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला.

आता मूळ प्रश्नाकडे येते. दोन दिवसांत इथे जे बोललं गेलं त्यावरून मला एक दिसतंय. टिनुबू एकटी असते तेव्हाच रांगेचा प्रश्न पडतो. तिच्या शेजारी इतर बाया आणल्या की तो तसा राहत नाही.

उदाहरणार्थ इबादान या योरुबा शहराची इयालोदे, एफुनसेतान अनिवुरा. अफाट शेती, अफाट माणसं विकत घेतलेली. एकुलती मुलगी बाळंतपणात गेली. लोकांना ती क्रूर मालकीण म्हणून ठाऊक आहे, नाटकाने ती प्रतिमा घरोघर नेली. पण ती इबादानचा सेनापती लातोसाच्या विरोधात उभी होती, त्याच्या लढायांना उधारीवर दारूगोळा देणं तिने थांबवलं होतं. १८७४ मध्ये त्याने तिचं पद काढून घेतलं आणि तिच्याच घरातल्यांना फितवून तिला मारवलं. क्रूर होती म्हणून मेली की आड आली म्हणून, आणि आज आपल्यापर्यंत तिचा फक्त क्रूरपणाच का पोचला? मला तिचा क्रूरपणा धुवायचा नाही. पण तिच्या शेतावर राबणाऱ्या बायकांबद्दल ना दरबारी इतिहास बोलतो, ना तिची बाजू घेणारे आम्ही.

किंवा बाहियातली फ्रान्सिस्का दा सिल्वा. योरुबा नाव, खरं तर पदवी, इया नासो. सॅल्व्हादोरमधलं कान्दोम्ब्लेचं सगळ्यात मानाचं देऊळ तिच्या नावाने आहे. ती विकली गेली, सुटली, आणि मग तिनेही माणसं विकत घेतली. १८३५ च्या बंडात तिच्या दोन मुलांवर आरोप आले. मुलांना घेऊन ती १८३७ मध्ये समुद्र ओलांडून दाहोमेच्या उइदा बंदराला गेली. सोबत मार्सेलिना होती. तीही आधी फ्रान्सिस्काने विकत घेतलेली, आता मुक्त. मार्सेलिना पुढे बाहियाला परतली आणि देवळाची प्रमुख झाली. आणि तिच्याही घरी विकत घेतलेली माणसं होती. ज्या घरात ओरिशांची, म्हणजे योरुबा देवतांची गाणी जिवंत राहिली, आई-लेकीचं नातं रक्ताशिवाय बांधलं गेलं, त्याच घरात हे होतं. एकाच स्वयंपाकघरात.

म्हणून बाईंनी सांगितलं तसंच लिहिणार. क्रियापदांनी. टिनुबूने मीठ विकलं. टिनुबूने माणसं विकली. टिनुबूने गाव वाचवायला बंदुका दिल्या. परिच्छेद फाटला तर फाटू दे.


शब्दखूण | मंगळवार, सकाळी ७:२०

विकली गेलेली माणसं कोण होती, त्यांच्यातलं कुणी बोलतं का? बाकी सगळ्या तर मोठ्या घरच्या.


कवडी | मंगळवार, सकाळी १०:४५

फार थोडी बोलतात. आणि जी बोलतात ती बहुतेक मुलांच्या तोंडून. लुइस गामासारखीच आणखी एक आई आहे. आफाला.

१८२१ मध्ये ओसोगुन गावावर हल्ला झाला, त्यात तिचा किशोरवयाचा मुलगा अजायी पकडला गेला. बरोबर तीही आणि धाकट्या मुलीही. मायलेकरांची वाटणीत ताटातूट झाली. मुलगा हातोहात विकला जात लागोसपर्यंत गेला, जहाजात चढला. एप्रिल १८२२ मध्ये ब्रिटिश आरमाराने ते जहाज पकडलं आणि तो सिएरा लिओनला उतरला. तोच पुढे बिशप सॅम्युएल अजायी क्राउदर, योरुबात बायबल आणणारा. आई मागेच राहिली, सुटली, पुन्हा धरली गेली, पुन्हा विकली गेली.

ऑगस्ट १८४६. क्राउदर मिशनच्या कामाला अबेओकुतात आला होता. त्याचा पत्ता लागला आणि आई त्याला भेटायला आली. पंचवीस वर्षांनी. त्याने लिहून ठेवलंय की ती थरथरत होती, डोळ्यांवर विश्वास बसेना, दोघं एकमेकांना धरून नुसती बघत राहिली, आणि तिच्या खप्पड गालांवरून मोठमोठे अश्रू ओघळले. आणि ती त्याला त्याच्या लहानपणीच्या नावांनी हाक मारत राहिली, ज्या नावांनी त्याची आजी त्याला बोलवायची.

दहा वर्षांनी टिनुबू त्याच अबेओकुतात आली. १८६४ मध्ये दाहोमेच्या फौजेपासून जे गाव वाचलं, ते असल्या माणसांनी भरलेलं होतं, एकदा विकली गेलेली आणि परत आलेली. आणि चाल करून येणाऱ्या फौजेत बायकांच्या पलटणी होत्या.

प्रकरणाची सुरुवात मी आता आफालापासून करणार आहे. टिनुबू दुसऱ्या पानावर येईल.


मांडवीकाठ | मंगळवार, सकाळी ११:१०

हाक मारायची नावं लिहून ठेवलीत का त्याने?


कवडी | मंगळवार, सकाळी ११:२५

नाही. ती त्याने स्वतःजवळ ठेवली.


चुलीवरची | मंगळवार, दुपारी १२:५०

आकाराजे झाले. पहिला घाणा सालं नीट न निघाल्याने जड झाला, दुसरा मस्त. सासूबाई म्हणाल्या, हे तर आपलेच चवळीचे वडे. मग त्यांना आफालाची गोष्ट सांगितली. त्या उठून आत गेल्या आणि मामांना फोन लावला.